मांडुळासारखे इंग्रजी शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'कर्ज सँक्शन झालं' हे वाक्य समजायला महाराष्ट्रात इंग्रजी यावे लागत नाही. पतसंस्थेच्या पायरीवर, घरकुलाच्या यादीपुढे, वीज कंपनीच्या खिडकीशी हा शब्द रोज कानावर पडतो आणि त्याचा अर्थ 'मंजुरी' हे शाळकरी पोरही सांगते. तेच पोर पुढे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इंग्रजी दैनिक वाचायला घेते. मे १९९८ मधल्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर 'सँक्शन्स' लादले, असे त्यात छापलेले असते. मंजुरी लादली म्हणजे काय केले? इथे पोर अडते. त्याचा अभ्यास कमी पडलेला नसतो. 'मंजूर करणे' आणि 'निर्बंध घालणे' हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दाच्या अंगावर आहेत.

इंग्रजीत असे शब्द बरेच आहेत. शेतात सापडणाऱ्या मांडुळाला दोन तोंडे असतात अशी समजूत आहे. शेपटी आखूड आणि बोथट असल्यामुळे तसे दिसते, एवढेच. खरे तोंड कुठल्या बाजूला, हे ते सरकू लागले की कळते. या शब्दांचेही तसेच आहे. सुटा शब्द कितीही निरखून पाहिला तरी अर्थ हाती लागत नाही, वाक्यात तो चालायला लागला की कळतो. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण वहीचे पान अजून तसेच आखले जाते: डावीकडे शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे एक मराठी अर्थ. बाकीच्या शब्दांना हे चालून जाते. मांडुळांपुढे ही वही हात टेकते. म्हणून अशा शब्दांच्या खुणा, ज्या शब्दकोशात विखुरलेल्या असतात, त्यांतल्या नेहमी लागणाऱ्या थोड्या इथे एकत्र देत आहोत.

'सँक्शन'पासूनच सुरुवात करू. मंजुरीच्या अर्थाने ते क्रियापद असेल तर त्याचे कर्म एखादी गोष्ट असते: कर्ज, पद, नकाशा, रजा. नाम असेल तर एकवचनी असते. ती 'मिळते' किंवा 'लागते', लादली जात नाही. लोकसेवकावर खटला भरण्याआधी घ्यावी लागणारी 'सँक्शन फॉर प्रॉसिक्युशन' ही अशीच परवानगी. निर्बंधाच्या अर्थाने हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो. मागे 'इम्पोज', 'लिफ्ट', 'ईज' यांपैकी एखादे क्रियापद असते आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट'. क्रियापद म्हणून आलाच, तर कर्म देश, कंपनी, माणूस किंवा जहाज असते. खरी फसगत होते ती 'सँक्शन्ड' या विशेषणाशी. 'सँक्शन्ड पोस्ट' म्हणजे मंजूर पद, वीजबिलावरचा 'सँक्शन्ड लोड' म्हणजे मंजूर भार. पण आंतरराष्ट्रीय बातमीतला 'सँक्शन्ड टँकर' म्हणजे निर्बंध लागू असलेले तेलवाहू जहाज. इथे शब्दयोगी अव्यय मदतीला येत नाही, विशेषणापुढचे नाम पाहूनच ठरवावे लागते. हे दोन अर्थ एकत्र आले कसे? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हुकूम, कायदा. कायदा झाला की त्यावर अधिकाराची मोहोर उठते आणि तो मोडणाऱ्यासाठी शिक्षाही त्यातच लिहिलेली असते. एका अर्थाने मोहोर धरली, दुसऱ्याने शिक्षा.

'ओव्हरसाइट' कार्यालयांना जास्त छळतो. मराठीत त्याला दोन नेमके शब्द आहेत, देखरेख आणि नजरचूक. दोन्हींत डोळाच आहे, एकीकडे तो उघडा आणि दुसरीकडे चुकलेला. शब्दाच्या आधी 'ड्यू टू', 'थ्रू' किंवा 'बाय' असेल तर नजरचूक समजावी. पुढे 'ऑफ' किंवा 'ओव्हर' असेल, अथवा 'कमिटी', 'बॉडी' असे नाम असेल, तर देखरेख. 'पार्लमेंटरी ओव्हरसाइट' म्हणजे संसदेचे नियंत्रण. त्याचे 'संसदेची नजरचूक' असे भाषांतर करून ठेवले तर विनोद होतो, आणि तो छापला गेला तर विनोदही राहत नाही. याच घरातले 'ओव्हरलुक' कर्त्यावरून ओळखावे. घर, खिडकी, गच्ची यांपैकी काही कर्ता असेल तर तिथून खालचा देखावा दिसतो. कर्ता माणूस आणि कर्म चूक असेल तर त्याने दुर्लक्ष केले. बढतीसाठी एखाद्याला 'ओव्हरलुक' केले, तर त्याला डावलले.

हे झाले कागदावरचे शब्द. बोलताना मात्र सगळ्यात जास्त पडझड होते ती 'ऑफ', 'आउट', 'लेफ्ट' अशा चिमुकल्या शब्दांमुळे. 'ऑफ' म्हणजे बंद, हे बटणावर वाचून वाचून पक्के बसलेले असते. मग 'द अलार्म वेंट ऑफ' ऐकले की मुले गजर बंद झाला असे सांगतात. तो खरे तर वाजलेला असतो. दिवा 'वेंट ऑफ' झाला तर विझला. गजर, बंदूक, फटाका 'वेंट ऑफ' झाला तर वाजला, सुटली, फुटला. आणि दूध 'गॉन ऑफ' असेल तर नासले. या 'ऑफ'ला 'बंद' ऐवजी 'नेहमीची अवस्था सोडणे' असा अर्थ दिला की बरेच उकलते. दिव्याची कामाची अवस्था तेवत राहण्याची, ती सुटली की अंधार. गजराची नेहमीची अवस्था गप्प बसण्याची, ती सुटली की ठणाणा. 'आउट'चेही असेच: चांदण्या 'आउट' म्हणजे बाहेर आल्या, दिवे 'आउट' म्हणजे विझले.

'लेफ्ट'ची किल्ली एका 'आर'मध्ये आहे. 'टू स्टुडंट्स लेफ्ट' म्हणजे दोन विद्यार्थी निघून गेले. 'टू स्टुडंट्स आर लेफ्ट' म्हणजे दोनच उरले. इंग्रजी मथळ्यांत असली साहाय्यक क्रियापदे गाळायची रीत आहे, त्यामुळे मथळ्यात हा शब्द दिसला की पहिला परिच्छेद वाचेपर्यंत अर्थ ठरवू नये. 'डिस्पेन्स' हा त्याचाच खोडकर भाऊ. औषध 'डिस्पेन्स' केले म्हणजे दिले. पण 'डिस्पेन्स विथ' केले म्हणजे त्याच्याशिवाय चालवले, काढून टाकले. न्यायालयाच्या आदेशात पक्षकाराची व्यक्तिगत हजेरी 'डिस्पेन्स्ड विथ' असेल तर ती माफ झालेली असते. 'विथ'चा अर्थ 'सह' असे पाठ केलेला पक्षकार मात्र हजर राहण्यासाठी सकाळच्या एसटीने निघतो.

आता शेतातले आणि स्वयंपाकघरातले. इंग्रजीत नामाचे क्रियापद सहज होते आणि मग ती वस्तू घालायची की काढायची, असा प्रश्न पडतो. याला बऱ्यापैकी भरवशाचा एक नियम आहे. ती वस्तू निसर्गतःच त्या पदार्थाचा भाग असेल तर क्रियापदाचा अर्थ काढणे: 'स्किन', 'शेल', 'बोन', 'पील'. बाहेरून आणायची असेल तर लावणे किंवा घालणे: 'सॉल्ट', 'बटर', 'पेंट'. गोंधळ होतो तो दोन्ही शक्य असतील तिथे. 'डस्ट' हे त्याचे ठळक उदाहरण. टेबल 'डस्ट' करायचे म्हणजे धूळ पुसायची. केकवर साखर 'डस्ट' करायची म्हणजे भुरभुरवायची. द्राक्षबागेत भुरी रोगावर गंधकाचे 'डस्टिंग' करतात ती धुरळणी. मराठीत भुकटीची धुरळणी आणि द्रावणाची फवारणी असा फरक आहे, तो शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजी माहितीपत्रक वाचताना 'डस्टिंग' म्हणजे झाडणे असे समजणाऱ्या शहरी भाषांतरकाराला मात्र सांगावा लागतो. इथली खूण 'विथ' किंवा 'ऑन' ही. एखाद्या गोष्टीने किंवा एखाद्या गोष्टीवर 'डस्ट' करा म्हटले असेल तर घालायचे, काहीच नसेल तर बहुधा पुसायचे.

'सीड' याहून तिखट. शेत 'सीड' करणे म्हणजे पेरणे, मिरची 'सीड' करणे म्हणजे तिच्या बिया काढणे. पाककृतीत 'सीडेड चिलीज' लिहिलेले असते तेव्हा बिया काढलेल्या मिरच्या हव्या असतात. ते 'बियांसकट' असे वाचून पदार्थ केला तर जेवणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येते. पण पावाच्या वेष्टनावरच्या 'सीडेड ब्रेड'मध्ये तीळ, जवस अशा बिया घातलेल्या असतात. 'सीडलेस' द्राक्षात बी मुळातच नसते, त्यामुळे तो शब्द स्वच्छ आहे. पाककृती लिहिणाऱ्यांनी 'डीसीडेड' लिहिले तर भांडणच मिटेल. आणि हो, बँकेतले 'आधार सीडिंग' म्हणजे खात्याला क्रमांक जोडणे, तिथे बी काढायचे काही नाही.

मराठी माणसाला इतरांहून अधिक फसवणारी एक जोडी आहे, ती म्हणजे 'फॉरवर्ड' आणि 'बॅक'. आपण बैठक पुढे ढकलतो, म्हणजे उशिरा घेतो. 'फॉरवर्ड' म्हणजे पुढे हे पाठ असते. त्यामुळे 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड' वाचून लोक निवांत बसतात. प्रत्यक्षात ती अलीकडे आणलेली असते. उलट 'पुट बॅक' किंवा 'पुश्ड बॅक' म्हणजे लांबणीवर टाकलेली. मराठीत काळाच्या वाटेवर आपण चालतो आणि बैठक पुढे सरकवतो. इंग्रजीत बैठक आपल्याकडे तोंड करून येते, म्हणून तिचे पुढे येणे म्हणजे लवकर येणे. 'ब्रॉट फॉरवर्ड'पुरते हे पक्के धरावे. 'मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज' मात्र खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही दोन्हीकडे नेते. बुधवारची बैठक सोमवारी की शुक्रवारी, हे तारीख लिहिल्याशिवाय ठरत नाही. भारतीय इंग्रजीत रुळलेला 'प्रीपोन' परदेशी कानांना खटकतो खरा, पण त्यात ही संदिग्धता नाही. तो लाजून वापरायचे कारण आम्हाला दिसत नाही. हिशेबाच्या वहीतला 'ब्रॉट फॉरवर्ड' हा मात्र वेगळा, तो मागील पानावरून आणलेली रक्कम सांगतो.

'बाय-' या उपसर्गाबद्दल तर सरकारी संस्थांचेच एकमत नाही. रेल्वेची 'बायवीकली' एक्स्प्रेस आठवड्यातून दोन दिवस धावते. रिझर्व्ह बँकेचे 'बायमंथली' पतधोरण दोन महिन्यांतून एकदा जाहीर होते. म्हणजे एकीकडे काळ दुभागला आणि दुसरीकडे दुप्पट केला. इंग्रजी शब्दकोश दोन्ही अर्थ देऊन हात झटकतात. मराठीत पाक्षिक, द्वैमासिक, सहामाही असे पक्के शब्द आहेत आणि जिथे नाहीत तिथे 'आठवड्यातून दोनदा' हे दोन शब्द पुरतात.

'टेबल' हे क्रियापद समुद्र ओलांडला की पालथे होते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला मांडणे. आपण 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' म्हणतो ते याच रूढीतले. अमेरिकेत 'टेबल' करणे म्हणजे तो विषय तूर्त बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांमध्ये या एका शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाल्याचे चर्चिलने आपल्या युद्धस्मृतींत लिहून ठेवले आहे. ब्रिटिशांना कागद लगेच चर्चेला घ्यायचा होता, अमेरिकनांनाही तेच हवे होते, पण शब्द आडवा आला. पुण्यात बसून रात्री अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलणाऱ्यांनी हा शब्द न वापरलेला बरा. 'लेट्स डिस्कस नाऊ' किंवा 'लेट्स पोस्टपोन' म्हणावे. 'मूट पॉइंट'चेही थोडे असेच आहे, ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा आणि अमेरिकेत आता वाद घालण्यात अर्थ न उरलेला मुद्दा.

एक शब्द जिवाशी खेळणारा आहे. टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले आपण पाहतो. 'इन-' म्हणजे 'नाही' हा नियम शाळेत शिकलेला असतो: 'करेक्ट'चा 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल'चा 'इनव्हिजिबल'. त्या नियमाने 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे ठरते. हा 'इन-' वेगळा आहे. लॅटिनमध्ये पेटवण्याच्या क्रियापदाला लागलेला तो उपसर्ग, त्याचा नकाराशी संबंध नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही. पेट न घेणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. हा घोळ ओळखूनच सुरक्षेच्या पाट्यांवर आता 'फ्लेमेबल' पसंत केले जाते. कारखान्यातल्या, प्रयोगशाळेतल्या आणि घरच्या बाटल्यांवर, म्हणजे सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचे द्रावण, सुगंधी फवारे यांवर, दोन्हींपैकी काहीही दिसले तरी काडी लांब ठेवावी. शेजारीच 'इनव्हॅल्युएबल' उभा असतो. तो मात्र मराठी मुलाला चटकन कळतो, कारण 'अमूल्य'ची घडण हुबेहूब तशीच आहे: मूल्य नाही असे नव्हे, मूल्य करता येत नाही असे.

काही जोड्यांत तर मुळात दोन वेगळे शब्द असतात, जे कालांतराने एकसारखे दिसू लागले. 'क्लीव्ह' म्हणजे दुभंगणे आणि 'क्लीव्ह टू' म्हणजे चिकटून राहणे. जुन्या इंग्रजीत ही दोन स्वतंत्र क्रियापदे होती. 'लेट'ही तसाच. 'जाऊ देणे' हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. भारतीय पारपत्रावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्यात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. तिथल्या 'लेट'चा अर्थ अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकटीत पडली की पंच 'लेट' म्हणतो, तोही हाच अडथळा. सर्व्हिस पुन्हा करायची. घरभाड्याच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारातले 'लिव्ह' म्हणजे सोडून जाणे असे अनेकांना वाटते आणि अकरा महिन्यांनी घर सोडायचे म्हणून ते नाव पडले, असाही समज आहे. तिथे त्याचा अर्थ परवानगी. कार्यालयातली 'लिव्ह'सुद्धा मुळात गैरहजर राहण्याची परवानगीच. आपली 'रजा'ही अरबीतून आली ती 'संमती' या अर्थाने.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच वेडीवाकडी. पण आपल्याकडे 'परवा' आहे. होऊन गेलेला दिवसही तोच आणि येणारा दिवसही तोच. तरी 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यांत चार वर्षांचे मूलही चुकत नाही, कारण ते क्रियापदाचा काळ ऐकते. देवापुढे नारळ 'वाढवतात' तेव्हा तो फुटतो आणि पगार 'वाढवतात' तेव्हा तो जास्त होतो. 'येतो' म्हणत माणूस उठतो आणि जातो. 'अपरोक्ष'ची तर पुरती उलटापालट झाली आहे. संस्कृतात त्याचा अर्थ प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर. मराठीत सर्रास 'पाठीमागे, नकळत' म्हणून वापरतात आणि शुद्धलेखनाचे आग्रही लोक अधूनमधून त्यावर पत्रे लिहितात. वर्गात 'परवा'पासून सुरुवात करून मग 'लेफ्ट' आणि 'सँक्शन' घेतले तर मुलांना हा खेळ ओळखीचा वाटतो.

वहीत काय लिहावे? सुटा शब्द लिहूच नये, शेजाऱ्यासकट लिहावा. एका ओळीत 'सँक्शन अ लोन', पुढच्या ओळीत 'इम्पोज सँक्शन्स ऑन'. एका ओळीत 'बाय ओव्हरसाइट', पुढच्या ओळीत 'ओव्हरसाइट कमिटी'. प्रत्येक अर्थाला स्वतंत्र ओळ द्यावी आणि दोन अर्थ स्वल्पविराम देऊन एकत्र कोंबू नयेत, कारण उजळणी करताना डोळा पहिल्याच अर्थावर थांबतो. वाचताना अडले तर तीन गोष्टी पाहाव्यात: कर्ता कोण, मागे-पुढे कोणते शब्दयोगी अव्यय आहे, नाम एकवचनी की अनेकवचनी. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत ही माहिती उदाहरणांतच दिलेली असते, पण घाईत पहिला अर्थ टिपून कोश मिटला जातो. मोबाइलवर भाषांतर करायचे असेल तर अख्खे वाक्य द्यावे. सुट्या शब्दाचा जो अर्थ मिळेल तो आपल्या वाक्यातला असेलच याची खात्री नसते. मराठीतही भाड्याने 'देणे' आणि 'घेणे' वेगळे असते, इंग्रजी 'रेंट' मात्र दोघांचा. तिथे 'आउट' किंवा 'फ्रॉम' शोधावा.

आपण इंग्रजीत लिहितो तेव्हा हे शब्द टाळता येतात. 'सँक्शन'ऐवजी 'अप्रूव्ह' किंवा 'पीनलाइज', 'ओव्हरसाइट'ऐवजी 'सुपरव्हिजन' किंवा 'मिस्टेक', 'बायवीकली'ऐवजी 'ट्वाइस अ वीक'. नोकरी चालू ठेवायची असेल तर कराराचे नूतनीकरण कळवताना 'री-साइन'मधली छोटी रेघ विसरू नये; ती गळली की राजीनामा होतो.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर रोजच्या शब्दाचे सदर असते, त्यात एका शब्दापुढे एक अर्थ छापण्याऐवजी दोन छोटी वाक्ये छापावीत अशी विनंती आहे. जागा एका ओळीने वाढेल. आणि नव्या गाड्यांची बातमी देताना 'द्विसाप्ताहिक' न लिहिता 'आठवड्यातून दोनदा' लिहून पुढे वारही द्यावेत. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला वारच हवे असतात.

आपले,
इंग्रजीचे दोन शिक्षक आणि एक अनुवादक
सातारा